बी.एस्सी. करून हवामानाच्या मॉडेलिंगकडे

बारावीचा निकाल लागला की सोलापूरच्या सात रस्ता परिसरातल्या घराघरांत एकच घोर असतो : इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, तर नुसतं बी.एस्सी. करून पुढे काय? ज्यांना गणित आणि भौतिकशास्त्र मनापासून आवडतं, त्यांच्यासाठी हवामानाचं मॉडेलिंग हे एक भक्कम उत्तर आहे. सोलापूरला हे क्षेत्र परकंही नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचा अभ्यास सोलापुरातच केला. ढगांत पेरणी केलेल्या ठिकाणांपासून वाऱ्याच्या दिशेने पुढच्या १०० चौरस किलोमीटर भागात सरासरी १८ टक्के जादा पाऊस झाल्याचं त्यातून दिसलं. जगभरच्या हवामानबदल अभ्यासात सहभागी झालेलं भारताचं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेलही याच संस्थेचं.

काम नेमकं काय?

मॉडेल म्हणजे हवेची समीकरणं सोडवणारा संगणक-प्रोग्राम. तो चालवण्याआधी ग्रहाची हवा कशाची बनली आहे, हे त्याला सांगावं लागतं. पृथ्वीच्या कोरड्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के, आर्गॉन एक टक्क्याहून थोडा कमी. कार्बन डायऑक्साइड दहा लाख रेणूंमागे जेमतेम ४२०, म्हणजे ४२० पीपीएम. पण उष्णता अडवण्यात त्याचा वाटा मोठा. पाण्याची वाफ किती हे सहसा मॉडेल स्वतःच काढतं.

खरी मेख एककात असते. काही मॉडेल्स रेणूंचं प्रमाण मागतात, काही वजनाचं. कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४, हवेचा सरासरी २९. म्हणून रेणूंच्या हिशेबातले ४२० वजनाच्या हिशेबात सुमारे ६३८ होतात. वजनाच्या रकान्यात ४२० च भरले, तर मॉडेल ते सुमारे २७६ पीपीएम धरतं, म्हणजे कारखानदारी सुरू होण्यापूर्वीची हवा! प्रोग्राम अडत नाही, चूक दाखवत नाही. उत्तर तेवढं थंड येतं.

दुसऱ्या ग्रहांचं मॉडेल करताना आणखी जपावं लागतं. मंगळाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ९५ टक्के, शुक्राच्या ९६ टक्क्यांवर. तरी मंगळ गोठलेला आणि शुक्र सुमारे ४६० अंशांवर! शुक्र सूर्याला जवळ आहे, पण मोठा फरक हवेच्या दाबाचा : मंगळावर तो पृथ्वीच्या शंभराव्या भागाहूनही कमी, शुक्रावर ९० पटींहून जास्त. म्हणून टक्केवारीबरोबर पृष्ठभागाचा दाब, सरासरी रेणुभार आणि विशिष्ट उष्णताही बदलावी लागते.

वाट कशी?

बारावीला गणित हवंच. सात रस्त्यावरच्या संगमेश्वर महाविद्यालयासारख्या ठिकाणी बी.एस्सी. करता येतं. तिसऱ्या वर्षी 'जॅम' परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी., किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागात पुढचं शिक्षण. 'गेट' परीक्षेच्या एक्सई पेपरमध्येही वातावरण व सागर विज्ञानाचा वेगळा विभाग आहे. पायथॉन आणि लिनक्स पहिल्या वर्षापासून शिका. जुनी मॉडेल्स फोरट्रानमध्ये असतात, तेही वाचता यायला हवं.

सुट्टीत 'एक्झोप्लासिम' हे मोफत मॉडेल लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर चालवून पाहा. त्यात प्रत्येक वायूचा दाब वेगळा द्यायचा असतो. कार्बन डायऑक्साइड दुप्पट करा, तापमान किती वाढतं ते वहीत मांडा. ही वही प्रवेशाच्या मुलाखतीत नक्की कामी येईल.

पालकांसाठी

ही वाट लांब आहे, हे आधीच समजून घ्या. बारावीनंतर एम.एस्सी.पर्यंत पाच वर्षं, पीएच.डी.ला आणखी चार-पाच. पण संशोधनाच्या काळात घरून पैसे लागतीलच असं नाही : केंद्राच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. कायम पदं मोजकी असतात, सुरुवातीचं काम बहुधा कंत्राटी मिळतं. मात्र प्रोग्रामिंग आणि आकडेवारीचा हा अभ्यास पवनऊर्जा, सौरऊर्जा, पीकविमा अशा क्षेत्रांतही उपयोगी पडतो.

गुणपत्रिकेपेक्षा मुलाची सवय पाहा. उत्तर जुळल्यावरही ज्याला एकक पुन्हा तपासल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला या क्षेत्रात निर्धास्तपणे पाठवा.