हिरवा चष्मा

एखादे पुस्तक आपण मन लावून वाचावे आणि पुढे त्याच पुस्तकावरून काढलेला चित्रपट पाहावयास मिळावा, असा योग पुष्कळांच्या वाट्यास येतो. चित्रपट संपला की वाद सुरू होतो. "पुस्तकच चांगले," असे एकजण म्हणतो. "छे! चित्रपटाची सर पुस्तकाला कोठली!" असे दुसरा म्हणतो. आवाज चढतात, पण कारण विचारले की दोघेही गप्प बसतात. आपले मत कसे बनते आणि ते खरोखर आपलेच असते काय, हे मला माझ्याच एका वर्गाने शिकविले. तीच हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे.

त्या वर्षी मी सातवीला मराठी शिकवीत होतो. दर शनिवारी शेवटच्या तासाला मुलांना एक लांबलचक गोष्ट थोडी थोडी करून सांगावयाची, असा माझा परिपाठ होता. त्या वर्षीची गोष्ट अमेरिकेतील होती. लायमन फ्रँक बॉम या लेखकाने १९०० साली मुलांसाठी एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ', म्हणजे 'ओझचा अद्भुत जादूगार'.

कॅन्सस प्रांताच्या उजाड माळावर डोरोथी नावाची एक पोरकी मुलगी आपल्या काका-काकूंजवळ राहत असते. तेथे सारेच करडे. जमीन करडी, गवत करडे. काकूंच्या डोळ्यांतील रंगही उन्हावाऱ्याने करडा झालेला. एके दिवशी चक्रीवादळ येते आणि डोरोथी व तिचा कुत्रा टोटो यांना घरासकट उचलून ओझ नावाच्या अद्भुत देशात नेऊन टाकते. तिला परत घरी जावयाचे असते. वाटेत तिला तीन सोबती भेटतात. बुजगावण्याला बुद्धी हवी असते, पत्र्याच्या लाकूडतोड्याला हृदय हवे असते आणि भित्र्या सिंहाला धैर्य हवे असते. पाचूनगरीतील महान जादूगार हे सर्व देईल, या आशेने ते चौघे निघतात.

या पाचूनगरीच्या वेशीवर मोठी मौज घडते. नगराच्या तेजाने डोळे दिपू नयेत म्हणून वेशीवरचा रखवालदार प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवितो आणि मागे कुलूप लावून टाकतो. टोटोलादेखील चष्मा मिळतो! मग सारे नगर हिरवेगार दिसू लागते. पुढे कळते, की ते नगर इतर नगरांहून काही अधिक हिरवे नव्हते. हिरवे होते ते डोळ्यांवरचे भिंग. आणि तो महान जादूगार? टोटो धावता धावता एक आडोसा पाडतो आणि त्यामागे उभा असतो एक टकला, सुरकुतलेला, सामान्य माणूस. तो जादूगार नसतोच मुळी.

गोष्ट संपली आणि थोड्याच दिवसांत या पुस्तकावरून काढलेला चित्रपट मुलांना दाखविण्याची संधी आम्हांला मिळाली. हा चित्रपट १९३९ सालचा. व्हिक्टर फ्लेमिंग यांचे नाव त्याचे दिग्दर्शक म्हणून पडद्यावर येते. डोरोथीचे काम ज्युडी गार्लंड या षोडशवर्षीय मुलीने केले आहे. शाळेच्या सभागृहात पडदा लावला, खिडक्यांना चादरी लावल्या आणि मुले जमिनीवर दाटीवाटीने बसली.

आरंभीचे कॅन्सस पडद्यावर तपकिरी, रंगहीन दिसते. वादळ येते, घर उडते, धाडदिशी आदळते. डोरोथी दार उघडते; आणि दाराबाहेर लाल, पिवळ्या, निळ्या रंगांचा नुसता मेळा भरलेला! साऱ्या सभागृहाने "अहा!" केले. मीही केले असावे, पण तेव्हा मी ते कबूल केले नसते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारले, "मुलांनो, पुस्तक श्रेष्ठ आहे हे तर उघडच आहे. तरीही आपण मते घेऊ. पुस्तक कोणाला अधिक आवडले?" सर्व हात वर झाले. मला मोठे समाधान वाटले. मी मुलांना त्यावर दहा ओळी लिहून आणावयास सांगितल्या.

वह्या तपासू लागलो तेव्हा मात्र माझे समाधान हळूहळू ओसरले. बहुतेक वह्यांत एकच वाक्य होते: 'पुस्तक श्रेष्ठ आहे हे उघडच आहे.' ते वाक्य माझे होते. कारण कोणीच दिले नव्हते. ते मी तरी कोठे दिले होते?

फक्त दोन वह्या निराळ्या होत्या. एक होती शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाची. तो आमच्या शाळेच्या वसतिगृहात राहत असे. त्याचे आईवडील दूर गावी असत. त्याने शाईने लिहिले होते, 'पुस्तक चांगले आहे.' त्याखाली अगदी फिकट पेन्सिलीने लिहिले होते, 'पण मला चित्रपट आवडला. गुरुजी रागावणार नसतील तर कारण सांगतो.'

मुलांनो, ती पेन्सिलीची ओळ वाचून मला स्वतःची लाज वाटली. ज्या मुलाला काही सांगावयाचे होते, त्याला माझा धाक वाटला होता. पाचूनगरीच्या रखवालदाराने करावे तेच मी केले होते. प्रश्न विचारण्याच्या आधीच मी साऱ्या वर्गाच्या डोळ्यांवर माझा चष्मा चढवून त्यास कुलूप लावले होते!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक कबूल केली आणि त्या मुलाला कारण सांगण्यास सांगितले. तो भीत भीत उभा राहिला. "गुरुजी, चित्रपटात शेवटी डोरोथी आपल्या पलंगावर जागी होते. काकू उशाशी असतात. शेतावरचे तिघे गडी तिला पाहावयास येतात. त्या तिघांचे चेहरे नीट पाहिले, तर तेच बुजगावणे, तोच लाकूडतोड्या आणि तोच सिंह! म्हणजे दूर देशी जी माणसे तिला भेटली, ती तिच्या घरचीच होती. पुस्तकात घरी परतण्याची हकीकत एका पानाच्या आत संपते. मला घरी जाण्याचा भाग एवढा लहान असलेला आवडत नाही."

वर्ग शांत झाला. मग दुसरी निराळी वही जिची होती, ती मुलगी उठली. तिचे मत पुस्तकाच्या बाजूचे होते. पण कारण तिचे स्वतःचे होते. ती म्हणाली, "पण चित्रपटात ते सारे स्वप्नच ठरते! बुजगावण्याने तिला वाटेत इतकी मदत केली, लाकूडतोड्या तिच्यासाठी रडला, आणि शेवटी म्हणावयाचे की ते कोणी नव्हतेच? पुस्तकात असे नाही. वादळाने जुने घर उडवून नेले होते. म्हणून ती परत येते तेव्हा काकांनी बांधलेले नवे घर तिला दिसते. नवे घर आहे, याचा अर्थ ती खरोखरच गेली होती. तिचे मित्र खरे होते."

ते नवे घर! पुस्तक मी स्वतः सांगितले होते, पण एवढ्या एका वाक्यात सारा पुरावा दडलेला आहे, हे माझ्याही ध्यानात आले नव्हते. मुलगा क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "नव्या घराचे मी विसरलो होतो." मुलगी म्हणाली, "आणि चेहऱ्यांकडे माझे लक्ष गेले नव्हते." दोघांनीही आपले मत सोडले नाही, परंतु दोघांचीही दृष्टी पूर्वीपेक्षा मोठी झाली होती. वाद असा संपावा!

मोठ्या माणसांतही या चित्रपटाविषयी असाच मतभेद झाला, हे मला नंतरच्या वाचनात आढळले. १९३९ साली न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्राच्या टीकाकाराने त्याचे मनापासून कौतुक केले. तर त्याच शहरातील एका साप्ताहिकाच्या टीकाकाराला त्यात कल्पकतेचा मागमूसही दिसला नाही. इंग्लंडमध्ये तेथील परिनिरीक्षण मंडळाला त्यातील दुष्ट चेटकीण इतकी भयंकर वाटली, की मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय मुलांना प्रवेश नसावा असे ठरले. प्रदर्शनापूर्वी निवडक प्रेक्षकांना हा चित्रपट दाखविण्यात आला, तेव्हा कंपनीतील काही वरिष्ठांना डोरोथीचे इंद्रधनुष्यावरचे गीत कंटाळवाणे वाटले आणि ते कापून टाकण्याचे घाटत होते. सुदैवाने ते राहिले आणि त्या वर्षीच्या उत्कृष्ट गीताचे ऑस्कर पारितोषिक त्यालाच मिळाले.

चित्रपटाला आरंभी फार मोठे यशही लाभले नाही. झालेला खर्च पहिल्या फेरीत पुरता भरून निघाला नाही. १९४९ साली तो पुन्हा प्रदर्शित झाल्यावर कोठे नफा दिसू लागला. १९५६ साली तो अमेरिकेत दूरचित्रवाणीवर आला आणि घरोघरी पोचला. परंतु त्या काळी बहुतेक घरांतील संच कृष्णधवल होते. डोरोथीने दार उघडले, तरी त्या मुलांना रंगांचा मेळा दिसला नाही! चित्रपट एकच, पण सर्वांनी पाहिले ते एकच नव्हे.

आपल्या मुंबईत लहानपणी एका मुलाने हा चित्रपट पाहिला. पुढे तो मोठा इंग्रजी लेखक झाला. त्याचे नाव सलमान रश्दी. १९९२ साली त्यांनी या चित्रपटावर एक छोटे पुस्तक लिहिले. आपल्याला लेखक होण्याची पहिली प्रेरणा या चित्रपटाने दिली, असे ते त्यात सांगतात. आणि तरीही घरासारखे दुसरे स्थान नाही, हे त्याच्या शेवटचे तात्पर्य मात्र त्यांना पटत नाही. एखादी कलाकृती मनापासून आवडावी आणि तिच्यातील एखादी गोष्ट न पटावी, यात विरोध नाही.

"लेखकाच्या पुस्तकात बदल करणेच चूक," असे काहीजण म्हणतात. बॉम यांचे निधन १९१९ साली झाले. हा चित्रपट त्यांनी पाहिला नाही. परंतु १९०२ साली याच पुस्तकावरून शिकागो येथे एक संगीत नाटक रंगभूमीवर आले होते आणि त्याच्या लेखनात बॉम यांचाही हात होता. त्या नाटकात टोटो कुत्रा नव्हताच. त्याच्या जागी इमोजीन नावाची गाय होती! यावरून दिसते, की पुस्तक, नाटक आणि चित्रपट यांचे मार्ग भिन्न असतात. पुस्तकातील चंदेरी जोडे चित्रपटात माणकांचे झाले, कारण रंगीत पडद्यावर ते अधिक खुलून दिसावेत. दार उघडताच रंग उसळतात, तो क्षण पुस्तकाला देता येणार नाही. उलट, वेशीवरचे ते हिरवे चष्मे चित्रपटात नाहीत; तेथील नगर मुळातच हिरवे आहे. त्यामुळे पुस्तकातील एक खोल विनोद हरवला आहे. बदल झाला की नाही, एवढे पाहून भागत नाही. त्या बदलाने काय मिळाले आणि काय गेले, ते पाहावे लागते.

म्हणून, मुलांनो, पुस्तक वाचून चित्रपट पाहाल, तेव्हा दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवा. 'मला आवडले' हे म्हणण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. ते तुमच्या मनाचे सत्य आहे. परंतु 'हे चांगले आहे' असे म्हणताच तुमच्यावर जबाबदारी येते. तेव्हा बोट ठेवून दाखवावे लागते: हे वाक्य पाहा, हा चेहरा पाहा, हे नवे घर पाहा. आणि समोरच्याने तुम्हांला न दिसलेले काही दाखविले, तर ते पाहण्याइतके मन मोकळे ठेवावे लागते.

त्या दिवसानंतर मी कोणत्याही चर्चेत माझे मत सर्वांच्या शेवटी सांगू लागलो. पुष्कळदा तोवर ते बदललेले असे. पाचूनगरीच्या वेशीवर चष्म्याला कुलूप होते आणि त्याची किल्ली रखवालदाराच्या गळ्यात होती. आपल्या डोळ्यांवर कधी शिक्षकांचा, कधी मित्रांचा, कधी जाहिरातींचा चष्मा असतो. पण त्याची किल्ली मात्र आपल्याजवळ असते. 'मला असे का वाटते?' हा प्रश्न हीच ती किल्ली.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाचूनगरी हिरवी का दिसत असे?
(आ) १९०२ सालच्या नाटकात टोटोच्या जागी कोण होते?
(इ) चंदेरी जोड्यांचे चित्रपटात काय झाले? का?

२. वसतिगृहातील मुलाने आपले खरे मत पेन्सिलीने का लिहिले असावे?

३. मुलीने 'नव्या घरा'चा पुरावा कसा दिला, ते तुमच्या शब्दांत सांगा.

४. 'आवडणे' आणि 'चांगले असणे' यांतील फरक तुमच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

५. वाक्यात उपयोग करा: सर नसणे, परिपाठ असणे, मागमूस नसणे, घाटत असणे.

६. तुम्ही वाचलेल्या एखाद्या गोष्टीवरून काढलेला चित्रपट अथवा नाटक पाहा. त्यातील एक बदल निवडून, त्यामुळे काय मिळाले आणि काय गेले, ते दहा ओळींत लिहा. वर्गात वाचून दाखविण्यापूर्वी कोणाचेही मत विचारू नका.