बाठ्यातून रत्ना का उगवत नाही?

मुलांनो, आंबा खाऊन झाला की बाठा आपण उकिरड्यावर फेकतो. पाऊस पडला की तो तिथेच रुजतो आणि तांबूस पानांचे रोप वर येते. मग आपण म्हणतो, "आंबा गोड होता, हेच रोप परसात लावू. असलेच आंबे मिळतील!" पण तसे होत नाही. का, ते पाहू.

आंबा, बोर, पीच, आलुबुखार ही आठळीची फळे. वर साल, मग गर, आत टणक कवच आणि कवचात बी. आंब्याच्या आठळीला आपण बाठा किंवा कोय म्हणतो.

मोहोरावर माश्या बसतात. त्या एका झाडाचे परागकण दुसऱ्या झाडाच्या फुलावर नेतात. त्यातून बी धरते. आई-झाड आपल्याला ठाऊक, पण बाप कोणता ते माशीलाच माहीत! म्हणून बाठ्याच्या झाडाचे फळ गोड, आंबट, रेषाळ कसेही निघते. अशा झाडाला रायवळ म्हणतात.

शास्त्रज्ञ आई-बाप निवडून हेच काम करतात. त्याला संकर म्हणतात. हापूस चवीला उत्तम, पण एक वर्ष भरपूर धरतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. शिवाय त्यात साका होतो. नीलम दरवर्षी धरतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने या दोघांच्या संकरातून 'रत्ना' काढला आणि १९८१ साली लागवडीसाठी दिला. रत्ना व हापूस यांपासून १९९२ साली 'सिंधू' आला. त्याचा बाठा अगदी पातळ. दशहरी व नीलम यांची 'आम्रपाली' ठेंगणी, म्हणून लहान परसाला बरी.

रत्नाच्या बाठ्यातून रत्ना येत नाही, मग झाड वाढवायचे कसे? कलम करून. पावसाळ्यात रायवळ बाठे रुजवतात. रोप पंधरा दिवसांचे, कोवळे असतानाच त्याचा शेंडा छाटून मधोमध चीर देतात. रत्नाच्या झाडाची जून काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. हे कोय कलम. मुळे रायवळाची, फळ रत्नाचे!

कलम लावताना १ मीटर लांब, रुंद, खोल खड्डा घ्यावा. तो माती व शेणखताने भरावा. जोड मातीच्या वर ठेवावा. काठीचा आधार द्यावा. पहिली तीन वर्षे मोहोर आला तर खुडावा, म्हणजे झाड बळावते.

आता आमच्या घरची गोष्ट. आम्ही रत्नाचे कलम लावले. वर्षभरात जोडाच्या खालून फुटवे आले. आजी म्हणाली, "झाड कसं फोफावलंय बघ!" आम्हीही खूश. वरची रत्नाची काडी कधी वाळली, कुणाला कळलेच नाही. आठ वर्षे पाणी घातले. फळ आले ते आंबटढाण रायवळ! लोणचे झाले, पण आठ वर्षे गेली ती गेलीच.

म्हणून लक्षात ठेवा : जोडाच्या खालचा फुटवा दिसताच काढावा.

करून पाहा : घरच्या कलमाचा जोड शोधा. खाली फुटवा आहे का? असल्यास आधी मोठ्या माणसांना दाखवा, मग त्यांच्यासोबत काढा.