"कामावर वाद झाला तेव्हा काय केलंत?" मुलाखतीत काय सांगायचं?

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा प्रश्न इथे नीट बघू.

खडवलीहून सकाळची लोकल पकडून कल्याण-ठाण्याला मुलाखतीला जाताना तुमच्या डोक्यात बेत पक्का असतो: दोन-तीन वर्षं नोकरी, थोडं भांडवल, मग स्वतःचा धंदा. पण मुलाखतीत हा एक प्रश्न येतो आणि गाडी अडते.

दोन उत्तरं हमखास घात करतात.

पहिलं, "माझं कधीच कुणाशी वाजलं नाही." समोरच्याला वाटतं, हा लपवतोय, नाहीतर याने जबाबदारीचं काम केलेलंच नाही.

दुसरं, "आधीचा मॅनेजरच तसला होता." उद्या आपल्याबद्दलही हा असंच बोलणार, हे तो लगेच ओळखतो.

मग सांगायचं काय? चार पायऱ्या: प्रसंग काय होता, तुमच्याकडे काम कोणतं होतं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं.

समजा, तुम्ही भिवंडीच्या एखाद्या गोदामात होता. मग असं सांगता येईल:

"मी डिस्पॅच बघायचो. पार्टीकडे माल कमी पोचला. पॅकिंगवाला म्हणाला चूक माझी, मी म्हणालो त्याची. आवाज चढले. मग मी त्याला चहाला घेऊन गेलो, आधी त्याचं ऐकलं. दोघांनी चलान आणि नोंदवही ताडून पाहिली. मोजणीत माझीच चूक निघाली, मी ती कबूल केली. त्यानंतर गाडी भरताना दोघं मिळून मोजायला आणि सही करायला लागलो."

बघा, चूक मान्य केल्याने माणूस लहान झाला नाही. प्रसंग मात्र स्वतःचा, खराच सांगा. उलटा प्रश्न आला की बनवलेली गोष्ट उघडी पडते.

एक सावधगिरी. प्रत्येक गोष्ट चहावर मिटवायची नसते. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे मालकाला अंतर्गत समिती नेमावीच लागते. असा विषय निघाला तर "तक्रार योग्य ठिकाणी नेली असती" हेच उत्तर.

आजचा गृहपाठ: असा एक खरा प्रसंग वहीत लिहा आणि दीड मिनिटात मोठ्याने सांगून बघा. उद्या तुमच्या दुकानात दोन पोरं भांडतील, तेव्हा सोडवायला दुसरा कोणी मॅनेजर नसेल. तुम्हीच असाल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!