दोन वर्तुळें : जव्हार आणि मोखाडा

‘साम्य व भेद सांगा’ असा प्रश्न आला म्हणजे बहुतेक विद्यार्थी एक परिच्छेद पहिल्या वस्तूवर व एक दुसरीवर लिहून मोकळे होतात. परंतु दोन वर्णनें शेजारीं ठेवल्यानें तुलना होत नाहीं. ती करण्याचें काम बिचाऱ्या परीक्षकावर येऊन पडतें. ह्यावर एक सोपा उपाय आहे. पाटीवर दोन वर्तुळें अशीं काढावीं कीं त्यांचा कांहीं भाग एकमेकांवर येईल. केवळ पहिल्या वस्तूंत आढळणारें तें डावीकडे, केवळ दुसरींत आढळणारें तें उजवीकडे, आणि दोहोंत आढळणारें तें मधल्या भागांत लिहावें. हीच वेनची आकृति.

जॉन वेन (१८३४–१९२३) हे केंब्रिजचे तर्कशास्त्रज्ञ. ह्या आकृत्यांविषयींचा त्यांचा निबंध १८८० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्यापूर्वीं ऑयलर ह्या थोर गणितज्ञानेंहि वर्तुळें वापरलीं होतीं. पण वेन ह्यांची रीति अशी कीं शक्य तितके सर्व भाग आधीं काढावे व जो रिकामा ठरेल तो रेघांनीं भरून दाखवावा. अमुक ठिकाणीं कांहीं नाहीं, हेंहि एक ज्ञानच आहे. ओघानें सांगतों : वेन ह्यांचे वडील हेन्री वेन हे चर्च मिशनरी सोसायटीचे अनेक वर्षें चिटणीस होते, आणि त्याच सोसायटीनें १८५४ सालीं आपल्या घाटमाथ्यावरील नाशिकाजवळ शरणपूर वसविलें.

आतां उदाहरण घरचेंच घेऊं. ‘जव्हार-मोखाडा’ हीं दोन नांवें लोक एका दमांत उच्चारतात. तीं खरोखर एक आहेत काय?

प्रथम वर्तुळ कशाचें तें ठरवावें. जव्हार म्हणजे शहर, तालुका कीं जुनें संस्थान? संस्थान आजच्या तालुक्याहून मोठें होतें. विक्रमगड त्यांतच मोडत असे. हें न ठरवितां लिहूं लागल्यास अर्ध्या गोष्टी भलत्याच जागीं पडतील. आपण आजचे दोन तालुके घेऊं.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा : जो प्रश्न एका वर्तुळास विचारला, तोच दुसऱ्यास विचारावा. डावीकडे ‘राजवाडा’ व उजवीकडे ‘सूर्यमाळ’ लिहिलें तर तो भेद नव्हे. तीं दोन निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें झालीं. ‘१९४७ पूर्वीं अंमल कोणाचा?’ असा प्रश्न दोघांस विचारा. जव्हारावर चौदाव्या शतकापासून मुकणे राजांची सत्ता होती; संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. मोखाडा मात्र इंग्रजी मुलुखांत, शहापूर तालुक्याचा एक पेटा होता. हा खरा भेद, कारण दोन्ही उत्तरें एकाच प्रश्नाचीं आहेत. आज हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजीं निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यांत आहेत. तें मध्यें लिहावें.

मधला भाग सोपा वाटतो, पण मुलें तेथेंच अडखळतात. दाभोसा धबधबा जव्हारच्या बाजूचा. ‘पावसाळ्यांत कड्यांवरून कोसळणारें पाणी’ मात्र दोहोंचें. विधान व्यापक केलें कीं तें बाहेरून मध्यें सरकतें, हें मुलांनीं स्वतः करून पाहावें. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे समाज दोन्हींकडे आहेत. नागली, वरई, भात; तारपा; सोंगें नाचविणारा बोहाडा; पिकें निघाल्यावर ‘जगायला’ परगांवीं जाणें—हें सर्व मध्यें येईल.

१९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं. तेव्हांपासून वृत्तपत्रांनीं ह्या दोन नांवांमध्यें ती जोडरेघ ओढली आहे, आणि बाहेरचा मनुष्य मधल्या भागांत तेवढा एकच शब्द लिहून थांबतो. शब्द खोटा नाहीं; तो तेथें लिहिलाच पाहिजे. परंतु वर लिहिलेलें बाकीचें पुसून टाकण्याचा अधिकार त्यास कोणीं दिला?

शेवटीं पाणी. पावसाळ्यांत दोन्ही तालुक्यांत मुसळधार पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यांत दोन्हींकडे कित्येक पाड्यांतील बाया हंडे घेऊन दूरच्या झऱ्यावर जातात. हीं दोन्ही वाक्यें मध्यें, एकाखालीं एक लिहावीं. वैतरणेवरील मध्य वैतरणा धरण मात्र उजव्या वर्तुळांतलें. तें मोखाड्यांतील कोचाळे गांवाजवळ आहे व त्याचें पाणी मुंबईस जातें. येथें दोन वर्तुळें पुरत नाहींत. मुंबईचें तिसरें वर्तुळ, दोहोंस छेदणारें, काढावें. बाहेरची जागा धरून आतां आठ भाग पडतील. त्यांपैकीं धरण कोठें, पाणी कोठें व हंडा कोठें, हें मोठ्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें घरीं वडीलमाणसांशीं बोलून ठरवावें, आणि निवडलेल्या प्रत्येक भागाचें कारण एकेका वाक्यांत लिहून आणावें.