विराम घेऊन करावयाचा तीव्र व्यायाम : सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी एक पाठ

शारीरिक शिक्षणाच्या तासिकेत मुलांना एका रांगेत उभे करून संथपणे हातपाय हालविण्यास लावले, की आपले कर्तव्य झाले असे पुष्कळदा मानले जाते. वस्तुतः बारा ते चौदा वर्षे हे वय हृदय, फुप्फुसे व स्नायू यांच्या जोमदार वाढीचे होय. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम वा जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस ती दम लागेल इतकी जोरकस असावी. आपल्या अक्राणी, अक्कलकुवा या तालुक्यांतील पुष्कळ मुले डोंगरवाटा तुडवीत शाळेत येतात, हे खरे. परंतु नित्याच्या चालण्याने जोरकस श्रमाची उणीव सर्वस्वी भरून निघत नाही. आश्रमशाळांतील निवासी मुलांच्या वाट्याला तर ते चालणेही फारसे येत नाही.

या दृष्टीने उपयुक्त असा एक प्रकार म्हणजे सविराम तीव्र व्यायाम होय. थोडा वेळ पूर्ण जोराने श्रम, नंतर ठराविक विराम, पुन्हा श्रम, असा त्याचा क्रम असतो. जोराचे श्रम चालू असता स्नायूंना लागणारा प्राणवायू रक्तातून पुरेसा मिळत नाही. तेव्हा शरीर जणू उसनवारी करते आणि विरामात जलद श्वासोच्छ्वासाने ती फेडते. ही फेड होऊ दिली, तर पुढची फेरी तितक्याच जोमाने होते. विराम हा आळस नसून व्यायामाचेच अर्धे अंग आहे, ही गोष्ट शिक्षकाने प्रथम ध्यानात घ्यावी.

ही पद्धत नवी नाही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. त्याच स्पर्धेत 5000 मीटर, 10000 मीटर व मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकणारा एमिल झाटोपेक याने 400 मीटरच्या असंख्य जलद धावा, मध्ये संथ धावण्याचा विराम ठेवून, केल्या होत्या. 1996 साली जपानमध्ये ताबाता व त्यांचे सहकारी यांनी 20 सेकंद पराकाष्ठेचे श्रम व 10 सेकंद विराम अशा सात-आठ फेऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. तथापि तो प्रयोग सराव असलेल्या तरुणांवर झाला होता. तो जसाच्या तसा शाळेत आणणे योग्य नव्हे. आपल्या खो-खोत व कबड्डीतही हेच तत्त्व आहे. कबड्डीतील चढाई 30 सेकंदांची असते आणि चढाईहून परतलेला खेळाडू क्षणभर सावरतो. खो-खोत बचाव करणारे तीन-तीनांच्या तुकडीने मैदानात उतरतात. बाकीचे तोवर दम घेतात.

35 मिनिटांच्या तासिकेची आखणी पुढीलप्रमाणे करावी.

प्रथम 6 मिनिटे पूर्वतयारी : चालणे, संथ धावणे, खांदे व कंबर फिरविणे. त्यानंतर 8 मिनिटे मुख्य भाग. वर्गाचे तीन गट पाडावेत. पहिला गट 20 सेकंद जागच्या जागी गुडघे उचलून धावेल, शिटी होताच तो थांबेल व दुसरा गट सुरू करील, मग तिसरा. अशा रीतीने प्रत्येक मुलास 20 सेकंद श्रम व 40 सेकंद विराम आपोआप मिळतो. एक घड्याळ व एक शिटी एवढेच साहित्य लागते, आणि मैदान लहान असले तरी एका वेळी तिसराच हिस्सा मुले हालत असल्याने अडचण होत नाही. विरामातील मुलांनी एकदम खाली बसू नये, सावकाश चालत राहावे. अशा आठ फेऱ्यांत धावणे, बैठका, उड्या व दोन रेषांमधील येरझारा आलटून-पालटून घ्याव्यात. पुढील 16 मिनिटे आवडीचा खेळ, व अखेरची 5 मिनिटे संथ चालणे व पाणी पिणे. पहिल्या पंधरवड्यात चारच फेऱ्या घ्याव्यात व मुख्य भागाचा उरलेला वेळ खेळास द्यावा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एका दिवसाचे अंतर ठेवून, हा पाठ पुरेसा आहे.

श्रमाचे माप सोपे आहे. ज्यास एक-दोन शब्दच बोलता येतात, त्याचे श्रम पुरेसे जोरकस झाले. विरामाच्या शेवटी मुलास लहान वाक्य बोलता आले पाहिजे. न आल्यास त्याने पुढची फेरी सोडावी. मनगटावरील नाडी 15 सेकंद मोजून चाराने गुणावयास लावल्यास गणित व आरोग्य यांचा सहज मेळ बसतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत पुष्कळ आढळतो. या दोषात प्राणवायू कमी पडला की तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व रक्तप्रवाह अडखळतो. अतिश्रम, ऊन, पाण्याची कमतरता व थंडी यांनी वेदना उद्भवू शकतात. ज्यास प्रत्यक्ष आजार आहे, त्या मुलास वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याखेरीज तीव्र व्यायाम देऊ नये. केवळ वाहक असलेले मूल एरवी निरोगी असते. त्यास खेळापासून दूर ठेवणे अन्यायाचे होईल. मात्र विराम न देता अखेरपर्यंत रेटल्यास, विशेषतः उन्हात, त्यालाही अपाय होऊ शकतो. म्हणून 10 सेकंदांचा नव्हे, 40 सेकंदांचा विराम येथे सुचविला आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा मुख्याध्यापकांनी तपासणीची माहिती विचारून घ्यावी. ती वर्गात उच्चारू नये. मुलाच्या माथी शिक्का बसता कामा नये. धावता धावता एखादे मूल मागे पडले, पाय दुखतात, अंगात बळ नाही असे म्हणू लागले, तर त्यास आळशी म्हणून हिणवू नये. तत्काळ थांबवून सावलीत न्यावे, पाणी द्यावे, आणि लवकर उतार न पडल्यास 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व पालकांस कळवावे. या प्रसंगी शिक्षकाचा एक कठोर शब्द मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

आणखी काही पथ्ये. तापीखोऱ्यात उन्हाळ्यात हा पाठ सकाळच्या पहिल्या तासिकेतच घ्यावा. सातपुड्याच्या माथ्यावरील शाळांनी थंडीत ऊन वर आल्यावर घ्यावा. उपाशी आलेल्या मुलास आधी काही खाऊ द्यावे; मध्यान्ह भोजनानंतर लगेच व्यायाम नको. पांडुरोगाची लक्षणे दिसणाऱ्या मुलांचे श्रम कमी ठेवावेत व आठवड्याची लोहाची गोळी चुकू देऊ नये. मुलींना त्यांच्या अडचणीच्या दिवसांत भाग घेणे न घेणे त्यांच्या इच्छेवर सोपवावे.

चढाओढ दुसऱ्याशी नको. प्रत्येकाने 20 सेकंदांत आपल्या किती येरझारा झाल्या हे वहीत लिहावे व महिन्याने स्वतःच्याच आकड्याशी ताडून पाहावे. शिक्षकबंधुभगिनींनी या नोंदी केंद्राच्या शिक्षण परिषदेत आणल्यास, कोणत्या शाळेस कोणता फेरफार सोयीचा पडला हे सर्वांस कळेल. बलवान मुलांना अधिक बलवान करणे सोपे असते. अशक्त मूलही निर्भयपणे मैदानात उतरेल, तेव्हाच हा पाठ सफल झाला असे समजावे.