फुकट फोनचे छत्तीस हप्ते

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे. तिथल्या मोबाइल कंपनीने त्याला 900 डॉलरचा आयफोन ‘फुकट’ दिला म्हणे. दिवाळीला येताना तो मला देऊन स्वतः नवा घेणार आहे. एवढा महाग फोन फुकट देणं कंपनीला परवडतं कसं? आणि तो इथे चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : परवडतं, कारण तो फुकट नसतो. 900 डॉलरचे 36 हप्ते पाडतात, महिन्याला 25. (एटी अँड टी आणि व्हेरायझनची मुदत साधारण तीन वर्षांची, टी-मोबाइलची बहुधा दोन.) मग दर महिन्याच्या बिलात एका ओळीत 25 डॉलर लावायचे आणि दुसऱ्या ओळीत तेवढेच वजा करायचे. या वजावटीला ‘बिल क्रेडिट’ म्हणतात, आणि मेख तिथेच आहे. सवलत एकरकमी मिळत नाही, राहाल तेवढेच महिने मिळते. चौदा महिन्यांनी चिरंजीवांनी कंपनी सोडली, तर उरलेले 22 हप्ते, म्हणजे 550 डॉलर, त्यांनाच भरावे लागतात.

पूर्वी तिकडे दोन वर्षांचा करार असे. 2008 साली आयफोन 3जी त्या करारावर 199 डॉलरला मिळायचा आणि मधेच सोडलं की दंड. 2013 मध्ये टी-मोबाइलने असे करार बंद केले, हळूहळू इतरांनीही. दंड गेला, उरलेले हप्ते आले. ग्राहक बांधलेला होता तो बांधलेलाच राहिला.

खरी वसुली मात्र प्लॅनमधून होते. ही सवलत सहसा महागड्या अनलिमिटेड प्लॅनवरच मिळते. स्वस्त प्रीपेड सेवेपेक्षा तो महिन्याला 30 डॉलरने जरी महाग पडला, तरी तीन वर्षांत 1080 डॉलर जादा जातात. फोन होता 900 चा! शिवाय विक्रीकर सहसा पूर्ण किमतीवर, सुरुवातीलाच. चौघांचं कुटुंब एकाच खात्यावर असेल तर माणशी दर उतरतो आणि सौदा बरा ठरतो. एकट्या माणसाला मी तरी सुचवणार नाही.

आपल्याकडे हा प्रकार फारसा रुजला नाही. 2003 मध्ये रिलायन्सने 501 रुपये घेऊन हँडसेट दिले आणि बाकी रक्कम मासिक बिलातून घेतली, तेवढा गाजला. आता आपण ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज असतंच, फक्त ते सवलतीच्या रूपात कुणीतरी आधीच सोसलेलं असतं, आणि त्या व्याजावरचा जीएसटी बहुधा आपल्याच माथी येतो.

आता तुमचा फोन. एटी अँड टी किंवा टी-मोबाइलचा असेल, तर सगळे पैसे फिटेपर्यंत तो लॉक असतो. त्यात आपलं एअरटेल किंवा जिओ चालणार नाही. आयफोन 14 पासून अमेरिकेतल्या आयफोनला सिमकार्डाचा कप्पाही नाही, म्हणून इथे ई-सिम घ्यावं लागेल. मुलाला निघण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि मग ‘अबाउट’ उघडायला सांगा. ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं दिसलं, तरच फोन बॅगेत भरू दे.