व्हिसासाठी काढलेला विमा सहल रद्द झाल्यावर पैसे देईल का?

प्रश्न : २०२५च्या एप्रिलअखेर आम्ही सगळे काश्मीरला निघणार होतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर सासूबाई ‘नको’ म्हणाल्या आणि ते सगळ्यांनाच पटलं. विमानाचे पैसे परत मिळाले, हॉटेलचा ॲडव्हान्स मात्र बुडाला. विमा कंपनीने क्लेम फेटाळला. आता दिवाळीत आम्ही पाच जण ग्रुप टूरबरोबर युरोपला जायचं म्हणतोय. इन्शुरन्स पॅकेजमध्येच आहे, असं टूरवाले सांगतात. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, त्यांना स्टेंट बसवलेला आहे. ऐन वेळी जाणं जमलं नाही तर पैसे परत मिळतील, अशी पॉलिसी कोणती?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : तुमचा काश्मीरचा क्लेम का फेटाळला गेला, ते आधी पाहू, कारण युरोपची पॉलिसी निवडताना तेच उपयोगी पडेल. २२ एप्रिल २०२५च्या हल्ल्यात २६ माणसं गेली. त्यात डोंबिवली, पनवेल आणि पुण्याचे पर्यटक होते. त्यानंतर तिकडे जावंसं न वाटणं अगदी स्वाभाविक होतं. पण सहल रद्द होण्याचं संरक्षण म्हणजेच ‘ट्रिप कॅन्सलेशन’ हे पॉलिसीत नाव घेऊन लिहिलेल्या कारणांपुरतंच असतं. प्रवाशाचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, गंभीर आजार वा अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, नैसर्गिक आपत्ती, ही त्यातली नेहमीची कारणं. दहशतवादी घटना काही पॉलिसींत येते, पण मुदत आणि अंतराच्या अटींसह. युद्ध आणि युद्धजन्य परिस्थिती बहुतेक ठिकाणी वगळलेली असते. मन बदललं, भीती वाटली, रजा मिळाली नाही, ही कारणं जवळजवळ कुठेच बसत नाहीत. विमानाचे पैसे मिळाले तेही विम्यामुळे नव्हे. त्या दिवसांत विमान कंपन्यांनीच श्रीनगरच्या तिकिटांवरचं रद्द शुल्क माफ केलं होतं.

आता युरोप. टूरवाल्यांची पॉलिसी बहुधा शेंगेन व्हिसाच्या अटीपुरती असेल. दूतावासाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण हवं असतं: तातडीचे उपचार, रुग्णालय, मायदेशी परत आणण्याचा खर्च. सहल रद्द झाली तर तुमचे पैसे कोण देणार, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यामुळे व्हिसा मिळवून देणारी पॉलिसी या बाबतीत पूर्ण रिकामी असू शकते. टूरवाल्यांकडून माहितीपत्रक नको, पॉलिसीचा मसुदा मागा. ‘सगळं कव्हर आहे’ या तोंडी आश्वासनावर लाखो रुपये सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मसुदा हातात आला की आधी रकमांचा तक्ता उघडा. मुखपृष्ठावर ५०,००० किंवा १ लाख डॉलर हा ठळक आकडा दिसतो, तो वैद्यकीय खर्चाचा. ट्रिप कॅन्सलेशनची मर्यादा खाली वेगळ्या ओळीत असते आणि ती फारच लहान असू शकते. समजा, टूर माणशी ३ लाखांची आहे आणि मर्यादा ५०० डॉलर. शेवटच्या आठवड्यात टूर कंपनीने पूर्ण रक्कम कापली, तर विम्यातून ५० हजारसुद्धा हाती येणार नाहीत. म्हणून टूर कंपनीचा रद्द शुल्काचा तक्ताही शेजारी ठेवा. कोणत्या तारखेनंतर किती टक्के बुडतात ते बघा आणि बुडू शकणाऱ्या रकमेच्या जवळ जाणारी मर्यादा असलेली योजना निवडा. विमा कंपनी न परतणाऱ्या रकमेचाच विचार करते. टूर कंपनीकडून वा विमान कंपनीकडून जे परत येईल ते वजा होतं.

सासूबाईंच्या बाबतीत मी सर्वांत जास्त काळजी घेईन. स्टेंट हा ‘आधीपासूनचा आजार’ झाला. तो प्रस्ताव अर्जात लिहाच. लपवला आणि उद्या हृदयाच्याच तक्रारीने त्यांना दाखल करावं लागलं, तर क्लेम जाईल. पण लिहिल्याने तो आजार आपोआप कव्हर होतो असंही नाही. अनेक पॉलिसींत परदेशात जीव धोक्यात आला तरच त्यासाठी मर्यादित खर्च मिळतो, आणि त्याच आजारामुळे रद्द झालेली सहल मात्र वगळलेली असते. तेव्हा विमा कंपनीला ई-मेल करून नेमकं विचारा: ‘निघण्यापूर्वी हृदयविकारामुळे त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, तर ट्रिप कॅन्सलेशनचा क्लेम मिळेल का? त्यांचा आणि बरोबरच्या चौघांचा?’ उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘हो मॅडम’ नंतर कुठेच सापडत नाही.

चौघांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ‘जवळचे नातेवाईक’ कोण, याची व्याख्या प्रत्येक पॉलिसीत वेगळी. कुठे पती-पत्नी, मुलं, आई-वडील एवढेच, कुठे सासू-सासरेही. व्याख्येत सासू नसेल, तर तुमच्या यजमानांचा क्लेम मंजूर आणि तुमचा नामंजूर, असंही होऊ शकतं.

पॉलिसी घ्यायची ती टूरचा पहिला हप्ता भरला त्याच दिवशी किंवा लगेच. हे संरक्षण साधारणपणे पॉलिसी निघाल्यापासून विमानात बसेपर्यंतचं असतं. आदल्या आठवड्यात घेतली तर मधले महिने उघडेच राहिले. शिवाय घटना घडून गेल्यावर घेतलेला विमा त्या घटनेसाठी चालत नाही. वाटेत सहल अर्धवट सोडावी लागली तर ते ‘ट्रिप इंटरप्शन’, त्याची मर्यादा वेगळी बघा. व्हिसा नाकारला जाणं सहसा वगळलेलं असतं. काही कंपन्या त्यासाठी जादा हप्ता घेऊन संरक्षण देतात आणि युरोपसाठी ते विचारून पाहण्यासारखं आहे. आणि जेव्हीएलआरवर अडकून टी-२ वरचं विमान चुकलं, तर त्याचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत. ‘मिस्ड कनेक्शन’ म्हणजे आधीच्या विमानाला उशीर झाल्यामुळे चुकलेलं पुढचं विमान.

प्रश्न : रेल्वेचं तिकीट काढताना मी ४५ पैशांचा विमा घेतो. तिकीट रद्द केलं तर त्यातून पैसे मिळतात का? विमानाच्या ‘झिरो कॅन्सलेशन’चं काय?
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर : नाही. आयआरसीटीसीचा तो विमा अपघाताचा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत. तरीही तो घ्याच, आणि मेसेजमधून येणाऱ्या लिंकवर वारसाचं नाव भरा. पुष्कळ जण ते भरतच नाहीत. ‘झिरो कॅन्सलेशन’ ही बऱ्याचदा पोर्टलची सेवा असते, विमा नव्हे, त्यामुळे अटीही पोर्टलच्या. आधीच टिक केलेला चौकोन दिसला तर काढून टाका. ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू टाकणं २०२३च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित ठरतं. विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केलं, तर परतावा किंवा दुसरं विमान देणं डीजीसीएच्या नियमांनुसार तिच्यावर बंधनकारक आहे, तुम्ही विमा घेतलेला असो वा नसो. डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा सरकारने मुदत घालून परतावे द्यायला लावले होते.

प्रश्न : क्लेम अन्यायाने नाकारला तर उपनगरातल्या माणसाने जायचं कुठे?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. तुम्ही बोरिवलीकर आणि अंधेरीकर सांताक्रूझच्या मुंबई कार्यालयात जा. एन, एस आणि टी वॉर्ड, म्हणजे घाटकोपर, भांडुप, मुलुंड, आता ठाण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतात, तेव्हा तिथल्या वाचकांनी अर्ज तिकडेच करावा. क्लेम नाकारल्याचं पत्र, पॉलिसीचा पूर्ण मसुदा, पैसे भरल्याच्या पावत्या, टूर कंपनीने किती कापले त्याचं पत्र आणि डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा. दाखल्यावर ‘प्रवासास अयोग्य’ हे शब्द आणि तारीख असलीच पाहिजे.